दोन बोटांचं वजन

गेल्या सोमवारी मी वहीत एक आकडा खोटा लिहिला. वही साधी, दोनशे पानी. खडूच्या भुकटीने तिचं पुठ्ठ्याचं कव्हर पांढुरकं झालंय आणि माझ्याशिवाय तिच्यात कुणीही डोकावत नाही. 'स्क्वॉट, ९०, पाच' असं मी लिहिलं. म्हणजे खांद्यांमागे वजनाचा बार घेऊन खोल बसायचं आणि उठायचं, नव्वद किलोला, पाच रेप, पाच वेळा. नव्वद किलो खरं होतं. पहिले चार रेपही खरे होते. पाचव्याला मी खाली बसले, खालून निघाले आणि मांड्या आडव्या रेषेच्या जरा वर आल्यावर बार थांबला. खाली जाईना, वरही जाईना. मागे कॉलेजात शिकणारा एक मुलगा स्पॉटला, म्हणजे अडलं तर आधार द्यायला, उभा होता. त्याने बारच्या मधोमध दोन बोटं लावली असतील, फार तर तीन. बार हलला, मी उभी राहिले, बार रॅकवर ठेवला. कानात रक्ताचे ठोके वाजत होते, डोळ्यांपुढे बारीक चांदण्या होत्या. तो मुलगा आनंदाने म्हणाला, "ताई, सगळा तुमचाच होता. मी नुसता हात लावला." जिममध्ये हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतं. मी मान डोलावली, पाणी प्यायले आणि पाच लिहिले.

त्या रात्री झोप लागेना.

नव्वद किलोचे पाच रेप मी चौदा महिने डोळ्यांसमोर ठेवले होते. वय त्रेचाळीस, नोकरी बँकेतली, दिवसभर खुर्चीत बसणं. चौदा महिन्यांपूर्वी साठ किलोला माझे गुडघे आत वळायचे. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, पहाटे साडेपाचला, सांगलीतल्या एका तळघरातल्या जिममध्ये मी जाते आहे. दर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती. पुढे तेही जमेनासं झालं. मग दोन आठवड्यांनी, मग महिन्याने. पंच्याऐंशीवर मी तीन महिने अडकले होते. त्या तीन महिन्यांत वहीत 'चार', 'चार', 'तीन', 'चार' असे आकडे आहेत आणि ती पानं मला सगळ्यांत जास्त आवडतात. ती आवडतात म्हणूनच हा पाच टोचत राहिला.

आजोबा तोलार होते. कोल्हापुरात शाहूपुरीच्या गुळाच्या पेठेत त्यांची हयात गेली. मी पाहिले तेव्हा त्यांनी काम सोडलं होतं, पण शर्टाला गुळाचा वास आहेच असं मला वाटायचं. मोठा तराजू, साखळ्या, लोखंडी वजनं, त्यांवर दर खेपेला मारून घ्यायचा वजनमापवाल्यांचा शिक्का, हे सगळं ते पोथी सांगावी तसं सांगायचे. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत आपल्या हातातल्या काट्यावर टांगलेली असते, काटा थरथरत असताना बोलायचं नाही, तो थांबेपर्यंत थांबायचं. व्यापाऱ्याची नजर एका बाजूला, शेतकऱ्याची दुसऱ्या बाजूला आणि मधे हे. दोघांचाही यांच्यावर विश्वास होता, एवढं एक ते अभिमानाने सांगायचे. बाकी कशाचा अभिमान त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

तरुणपणी ते तालमीत जायचे. मोठे पैलवान नव्हते. गावोगावच्या जत्रांत नारळावरच्या कुस्त्या केल्या, एवढंच. पण मेहनतीची सवय अंगात मुरली ती शेवटपर्यंत. सत्तरी उलटल्यावरही पहाटे अंगणात तुळशीपाशी शंभर बैठका काढायचे. कट्ट्यावर चार चिंचोके मांडलेले असायचे. पंचवीस झाल्या की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. मी अंथरुणातून ऐकायची. श्वासाचा आवाज, गुडघ्याचा बारीक कटकट आवाज आणि मधेच चिंचोका दगडावर सरकल्याचा आवाज. एकदा मी दारात येऊन उभी राहिले आणि काहीतरी विचारलं. त्यांचं मोजणं चुकलं. चिंचोका सरकवला होता की नव्हता हे त्यांना आठवेना. मी म्हणाले, "आजोबा, सरकवला की तुम्ही, मी बघितलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चिंचोका उचलून परत उजवीकडे ठेवला. "शंका आली न्हवं, मग कमी धरायचं," म्हणाले आणि पुन्हा बसायला लागले. त्या दिवशी त्यांच्या सव्वाशे झाल्या असतील. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाईट वाटलं होतं, माझ्यामुळे त्यांना जास्त काढाव्या लागल्या म्हणून. त्यांनी माझी साक्ष मानली नाही याचंही वाटलं होतं.

तालमीच्या आत मी कधी गेले नाही. मामा गल्लीतल्या तालमीत जायचा. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून फेसाळ, कोमट दूध कासंडीत घ्यायचं आणि तालमीच्या उंबऱ्यावर नेऊन द्यायचं, हे सुट्टीतलं माझं काम. उंबऱ्याच्या अलीकडे. आत मारुती, आत हौदा, आत पुरुष. दार अर्धं उघडं असायचं आणि त्या फटीतून जे यायचं ते अजून माझ्या नाकात आहे. तेल, हळद, ताक मुरलेल्या लाल मातीचा आंबूस गारवा, आणि त्यावर घामाची वाफ. शड्डूचा आवाज भिंतीला आपटून यायचा. त्याहूनही लक्षात राहिलाय तो एकसुरी जोर मारल्याचा आवाज. वीस माणसं एका लयीत खाली जातात आणि वर येतात, तेव्हा हवेचा एक झोत येतो. कुणी ओरडत नसे. वस्ताद एका कोपऱ्यात बसलेले असत. ते बोलत नव्हते म्हणूनच सगळे जिवाच्या करारावर मेहनत करत होते, असं मला वाटायचं. ते चित्र मला इतकं हवंहवंसं वाटायचं की दूध देऊन झाल्यावर मी रिकामी कासंडी घेऊन उगाच थांबायची. मग आतून कुणीतरी म्हणायचं, "पोरी, जा घरला." वाईट म्हणून नव्हे, रीत म्हणून. ती रीत कुणी माझ्यासाठी बदलावी असंही तेव्हा वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे खूप नंतर कळलं. २०२३च्या मार्चमध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आमच्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा उंचावली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसलेल्या मुलीला ते कळलं नाही. तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

जिममध्ये तालमीसारखं काही नाही. मोठ्याने गाणी लागलेली असतात. आरसे असतात. पण बारखाली जाण्याआधीचे जे पंधरा-वीस सेकंद असतात, त्यांत मी त्या उंबऱ्यावर असते. हातांना खडू लावायचा. बारवरच्या खरखरीत नक्षीत तळहात रुतवायचा, दोन्ही हात मधल्या गुळगुळीत पट्टीपासून सारख्या अंतरावर आहेत ना ते अंगठ्याने चाचपायचं. मान खाली घालून आत शिरायचं, पाठीच्या वरच्या मांसावर बार टेकवायचा, खांद्यांची पाती आवळायची. पट्टा आधीच बांधलेला. मग श्वास, छातीत नव्हे, पोटात, पट्ट्याला सगळीकडून दाब लागेल असा. उभं राहिलं की बार रॅकवरून सुटतो आणि नव्वद किलो टाचांपर्यंत उतरतात. दोन पावलं मागे. या क्षणी गाणं ऐकू येत नाही. खरंच येत नाही, नंतर कितीदा आठवायचा प्रयत्न केला तरी कोणतं गाणं चालू होतं ते सांगता येत नाही. खाली जाताना भीती वाटते. चौदा महिने झाले, तरी प्रत्येक वेळी वाटते. सगळ्यांत खोल जागी, जिथे कंबरेची घडी गुडघ्याच्या खाली जाते, तिथे अर्धा क्षण मी अगदी एकटी असते. स्पर्धेत एवढी खोली गाठली नाही तर पंच लाल दिवा लावतात. तळघरात पंच नाहीत. तिथे दोन इंच वरूनच परत फिरलं तर जगात कुणालाही पत्ता लागणार नाही.

आपल्याकडे जोर, जिद्द, झपाटलेपण हे शब्द आले की आरडाओरडा, शिरा ताणलेला चेहरा, आदळलेल्या प्लेटा असं काही डोळ्यांसमोर येतं. मला तसं दिसत नाही. स्नायूंमधले सगळ्यांत ताकदवान तंतू शरीर सहजासहजी कामाला लावत नाही, ते राखून ठेवतं. अगदी नाइलाज झाला की शेवटी ते जागे होतात. तो नाइलाज शेवटच्या एक-दोन रेपमध्ये येतो. त्या वेळी तुम्ही पूर्ण जोर लावता आणि तरी बार हळूहळूच सरकतो, गोगलगायीसारखा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही थकली. आतून मात्र आयुष्यात इतका जोर कधी लावलेला नसतो. तिथेच थांबायचं की आणखी एक श्वास टिकायचं, हा निर्णय पाऊण सेकंदात होतो आणि तो तुमच्याशिवाय कुणाला दिसत नाही. माझा पाचवा रेप त्या पाऊण सेकंदात होता. मी टिकले असते का? बार माझ्याच्याने गेला असता का? हे आता कधीच कळणार नाही. दोन बोटांनी ते उत्तर पुसून टाकलं.

आणि दोन बोटांत किती किलो असतात? एक तरी असेलच. एका किलोला काय किंमत असते ते सांगलीला विचारावं. ३० जुलै २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो वजनगट. पानटपरी चालवणाऱ्या घरातला आमचा एकवीस वर्षांचा संकेत सरगर. स्नॅचमध्ये, म्हणजे बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर, ११३ किलो, सगळ्यांच्या पुढे. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे आधी खांद्यांवर आणि मग डोक्यावर नेण्याच्या, पहिल्या प्रयत्नात १३५. दुसऱ्याला १३९ घेतले आणि उजवा कोपर दुखावला. तो कोपर घेऊन तो तिसऱ्यांदा परत आला, परत १३९ला हात घातला. नाही झालं. दोन्ही मिळून त्याची बेरीज २४८. मलेशियाच्या अनिक कसदानने शेवटच्या प्रयत्नात १४२ किलो उचलले, त्याची बेरीज २४९. हात गळ्यात अडकवून संकेत पदक घ्यायला उभा राहिला. शहरात पेढे वाटले, फटाके वाजले आणि ते योग्यच होतं. मला मात्र तो तिसरा प्रयत्न दिसत राहिला. दुखावलेला कोपर आधीच उत्तर देऊन बसलाय हे त्याला ठाऊक असणार. तरी तो चौकटीत गेला, बारवर वाकला आणि जमलं नाही, हे सगळ्या जगासमोर होऊ दिलं. तिथे मागून बोटं लावायला कुणी नसतं. तीन पंच, तीन दिवे, दोन पांढरे लागले तरच उचल खरी. कोपर वर जाऊन जरा वाकला आणि पुन्हा सरळ केला, तरी ती उचल बाद.

मीराबाई चानूचंही असंच मनात येतं. रिओला २०१६मध्ये तिचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले आणि निकालात तिच्या नावापुढे बेरीजच आली नाही. टोकियोत तिने ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्य आणलं, ते सगळ्यांना आठवतं. पॅरिसला ती १९९वर थांबली आणि कांस्यपदक २०० किलोला गेलं. पुन्हा एकच किलो. या मुली, ही मुलं वर्षानुवर्षं ज्या किलोच्या मागे पहाटे उठतात, तो किलो मी एका सोमवारी फुकट घेतला, तोही स्वतःकडून.

हे सगळं जरा जास्तच होतंय का, असंही मनात येतं. घरचे तसं म्हणतात. आई म्हणते, "एवढं जड उचलून काय मिळवायचंय तुला?" तिला सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नाही. मागच्या पावसाळ्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठला पोचायचं होतं. त्या दिवशी माझा स्क्वॉटचा वार होता आणि वेळ पुरेल असा हिशोब करून मी पहाटे जिमला गेले. सेट लांबले. मी सव्वाआठला पोचले तेव्हा तिला आत नेलं होतं, भाऊ बाहेर बाकावर बसला होता. ऑपरेशन छान झालं. आईने नंतर एका शब्दानेही विचारलं नाही. पण तिला आत नेताना तिने दाराकडे वळून बघितलं असणार, हे मला माहीत आहे, कारण ती तशीच आहे. त्या दिवसाचं पान वहीत आहे. 'स्क्वॉट, ८०, पाच, पाच, पाच.' आकडे खरे आहेत. ते पान मला उघडवत नाही. निष्ठा म्हणून ज्याचं कौतुक होतं त्याचं बिल कधी कधी दुसऱ्याच्या नावावर निघतं, आणि तिथे माझा कोणताच तराजू चालत नाही.

मला आकड्यांची ही ओढ कुठून आली ते आता कळतं. जिमला जायला लागून महिनाभरच झाला होता, तेव्हा मला शंका आली की एकाच नावाच्या दोन प्लेटा हातात वेगळ्या लागतात. एका रविवारी मालकांची परवानगी काढून, शेजारच्या धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आणून मी सगळ्या प्लेटा तोलल्या. ओळखीतल्यांना विचित्र वाटलं असेल, पण मला त्या सकाळी खूप आनंद झाला. वीस म्हणून छाप असलेली एक प्लेट १९.४ भरली, दुसरी २०.३. ज्या छापाबरहुकूम होत्या त्यांच्या पोटावर मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. मी ठिपक्याच्याच प्लेटा वापरते. काटा थांबेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते आणि मग एकदम लक्षात आलं की आजोबा असेच उभे राहत असणार. ठिपके देऊन नव्वद किलो तंतोतंत नव्वद करून घेतले, आणि त्याच नव्वदीच्या पुढे पाच लिहिताना हात अडला नाही.

बुधवारी मी त्या मुलाला गाठलं. म्हणाले, "सोमवारचा पाचवा माझा नव्हता. पुन्हा मी अडकले तर हात लावू नकोस. रॅकच्या आडव्या सळ्या खाली आहेत, बार त्यांच्यावर बसेल." त्याचा चेहरा पडला. "ताई, तुम्ही पडाल म्हणून लावला," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्याने माझी काळजी केली होती, वर माझं मन राखलं होतं, आणि मी त्याला चूक केल्यासारखं सांगत होते. मला ओशाळल्यासारखं झालं. मग मी त्याला चिंचोक्यांची गोष्ट सांगितली, जमेल तशी, दोन सेटच्या मधल्या तीन मिनिटांत. त्याने शांतपणे ऐकलं. काही बोलला नाही. स्वतःच्या सेटला निघून गेला. तो बेंचप्रेस करत होता. त्याचा मित्र मागे उभा राहून "तुझाच आहे, तुझाच आहे" म्हणत होता आणि बार त्या मित्राच्या हातात होता.

घरी येऊन मी वहीतला पाच खोडला. खाडाखोड लपवली नाही. एक आडवी रेघ, शेजारी चार.

काल पुन्हा सोमवार. सळ्या एक भोक वर घेतल्या, बसून पाहिलं, खोलीला अडत नव्हत्या. तो मुलगा मी न बोलावता मागे येऊन उभा राहिला. आरशात मला दिसलं, त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, शाळेत उभं राहतात तसे. एक. दोन. तीन बरा गेला. चौथा जड, मधे रेंगाळला, पण गेला. वर उभी राहून मी दोन श्वास घेतले. पाचव्याला खाली गेले, फिरले, त्याच जागेपर्यंत आले आणि बार थांबला. तीच जागा. मागे कुणाचा श्वास ऐकू येत होता तो माझा की त्याचा, कळलं नाही. मी ढकलत राहिले. पाय थरथरायला लागले, पट्ट्याखाली पोट दगडासारखं झालं, तोंडातून कसलासा आवाज निघाला. किती वेळ, सांगता येत नाही. मग बार आपणहून खाली निघाला, मी त्याच्याबरोबर गेले आणि तो सळ्यांवर बसला. तळघरभर आवाज घुमला. सगळ्यांनी वळून बघितलं.

मी खालून सरपटत बाहेर आले आणि तिथेच रबराच्या मॅटवर बसले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. वही मागितली तर तीही आणून दिली. मी लिहिलं, 'स्क्वॉट, ९०, चार.' हात इतका कापत होता की चारचा आकडा नीट उमटला नाही.

"पुढच्या सोमवारी किती लावायचे, ताई?" त्याने विचारलं.

"नव्वदच."

बार सळ्यांवरच होता, भरलेला तसा रॅकवर चढवता येणार नव्हता. आम्ही प्लेटा उतरवायला लागलो, एक डावीकडची तो, एक उजवीकडची मी.